खिळे, पेजमेकर, युनिकोड

माझे बाबा आयुष्यात परत परत नवशिके झाले आणि काम मात्र एकच, मराठी मजकूर छापायला तयार करायचा. सुरुवात कंपोझिटर म्हणून, म्हणजे छापखान्यात अक्षरं जुळवणारा. केसमधून, म्हणजे खणांच्या ट्रेमधून, शिशाचे खिळे (अक्षरांचे ठसे) उचलायचे, स्टिक नावाच्या हातातल्या पट्टीत एकेक लावायचे, अक्षर आरशातल्यासारखं उलटं, आणि काना मात्रा रफार जोडाक्षरं धरून एवढे खाने की कुठला खिळा कुठे ते हातालाच पाठ व्हावं लागतं. मग डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणं आलं, ट्रेडल (खिळ्यांवरून छापणारं जुनं मशीन) बंद पडली, आणि चाळिशीत ते निम्म्या वयाच्या पोरांशेजारी बसून पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी फाँटचं श्रीलिपी ही सॉफ्टवेअर शिकले.

पण मला युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच कोड असण्याचा, टप्पा सगळ्यात अवघड वाटतो, कारण जुन्या फाँटमधला मजकूर तसाच वेबसाईटवर टाकला की नुसती भलतीच चिन्हं दिसतात, युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लावला तरी पहिली वेलांटी आणि रफार कुठेतरी सरकतात आणि ते डोळ्यांनीच पकडावं लागतं. तिथे बाबा आजही आमच्या सगळ्यांपेक्षा फास्ट आहेत, उलटी अक्षरं वाचून कमावलेली नजर आहे ती! रिस्किलिंगवर, म्हणजे नवी कौशल्यं शिकण्यावर, बोलणाऱ्यांनी या पिढीतल्या प्रेसवाल्यांना एकदा भेटावं असं मला मनापासून वाटतं.

सध्या ते फोनवर बोलून टाईप करायला शिकतायत.