फीविना लढणारे वकील
आज कोर्टात तारखेसाठी ताटकळत बसले होते. शेजारी एक आजी, फायलींची पिशवी मांडीवर, "वकीलसाहेब आले का हो?" हे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या. मला ॲड. शाहिद आझमी आठवले. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली तिहार तुरुंगात गेलेला पोरगा आत राहून शिकतो, सुटल्यावर वकील होतो आणि ज्यांचं वकीलपत्र घ्यायला कुणी धजत नाही त्यांच्यासाठी उभा राहतो. तेही बऱ्याचदा फीविना! ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या. वय अवघं ३२. २६/११ खटल्यातला त्यांचा अशील फहीम अन्सारी त्याच वर्षी मे महिन्यात निर्दोष ठरला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केलं. आझमींना नावं ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी तो निकाल वाचला असेल, देव जाणे.