कंडक्टरकाकांचे वेबिल

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वाइन शॉपच्या काउंटरवर मी एकोणीस वर्षे उभा आहे आणि स्वतः थेंबही घेत नाही. नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे अलीकडच्या दुकानांना गिऱ्हाइकांची ददात नाही. बाजाराच्या दिवशी जाळीतून नोट आत येते, मागोमाग ‘नेहमीची’ एवढा एकच शब्द येतो आणि क्वार्टर बाहेर जाते. चवीबद्दल तिथे कोणी बोलत नाही, त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी एस.टी.तून निवृत्त झालेल्या कंडक्टरकाकांनी विचारलेला प्रश्न ऐकून मी गडबडलो.

जून 2025 मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय घेतला आणि काकांची वर्षानुवर्षांची व्हिस्की पेन्शनीच्या आवाक्याबाहेर गेली. ‘भाऊ, मले सस्ती पाह्यजे, पण घसा नाही जायला पाह्यजे,’ ते म्हणाले. मी तत्काळ एक बाटली पुढे केली. खरे सांगायचे तर त्या महिन्यात तिच्यावर कंपनीची स्कीम होती आणि ‘कोणी विचारले की हीच द्यायची’ असे मालकांनी बजावले होते. आमच्या धंद्यात सल्ला हा बहुधा असाच, पेट्यांच्या हिशोबाने दिला जातो.

पुढच्या मंगळवारी काका परत आले ते वही घेऊन. वेबिलासारखे, म्हणजे कंडक्टरच्या तिकीट-हिशोबाच्या कागदासारखे, रकाने आखून त्यांनी तारीख, पाणी, बर्फ आणि घशाची अवस्था नोंदवली होती. शेरा एकच होता: ‘गुयचट.’ तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की घसा न जाळणारी म्हणजे गोडसर, असे मी मनाशी धरून चाललो होतो. त्यांनी तसे कुठेच म्हटले नव्हते.

आमच्या परवान्यावर फक्त सीलबंद विक्री करता येते, दुकानात चाखवता येत नाही. म्हणून अख्खी बाटली घेऊन फसण्यापेक्षा दर आठवड्याला एकेक वेगळी क्वार्टर न्यावी, असे आमचे ठरले. त्यानंतर मीही प्रथमच बाटल्यांच्या मागची बारीक अक्षरे गांभीर्याने वाचू लागलो. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीचा पाया बहुधा उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटचा असतो, काहींचा धान्याच्या स्पिरिटचा असतो, आणि त्यात थोडे माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या सातूची व्हिस्की, किंवा आयात केलेली स्कॉच मिसळलेली असते. स्कॉटलंडमध्ये किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरल्याशिवाय तिला स्कॉच म्हणता येत नाही. आमच्या शेल्फवरील बऱ्याच बाटल्यांवर मात्र वयाचा उल्लेखच नसतो आणि सोनेरी रंग कॅरॅमलनेही आणता येतो. रंग गडद म्हणजे माल जुना, असे मी कित्येकांना आत्मविश्वासाने सांगितले आहे, याची आता लाज वाटते.

दुसरी क्वार्टर मळीच्या स्पिरिटची होती. तिच्यापुढे ‘जायते’, म्हणजे जाळते, असा शेरा पडला. काका ती सोड्यातून, तीही कोमट, घेत होते. सोड्यातला वायू जिभेला आणखी टोचतो आणि उष्म्यात अल्कोहोलची वाफ नाकात भरते, हे मी त्यांना सांगितले. तिसरी धान्याच्या स्पिरिटची, किंचित धुरकट माल्ट मिसळलेली होती. ती त्यांनी माठातल्या थंड पाण्याबरोबर निम्मेनिम घेतली, म्हणजे 42.8 टक्क्यांचे अल्कोहोल 21.4 वर आले. चौथ्या मंगळवारी ते जाळीशी वाकले आणि हळूच म्हणाले, ‘भाऊ, हिच्यात रोडग्याचा वास हाय.’

मी चकित झालो. स्कॉटलंडच्या काही भागांत भिजवलेले सातू पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, धुरावर वाळवतात आणि तो धूर दारूत उतरतो, एवढे मी वाचले होते. पण या माणसाने तो गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांत ओळखला होता! कंपनीचे प्रतिनिधी वर्षानुवर्षे ‘स्मूथ’, ‘स्मूथ’ असा एकच जप करीत येतात. त्यांच्यापैकी एकानेही कधी मला एवढे नेमके काही सांगितलेले नाही.

त्याच आठवड्यात मालकांनी उठाव नसलेल्या मालाची यादी केली. काकांच्या त्या धुरकट बाटलीची महिन्याला जेमतेम एक पेटी जाते, म्हणून पुढील मागणीतून तिचे नाव कापले गेले. एका गिऱ्हाइकासाठी शेल्फ अडवून ठेवता येत नाही, हे त्यांचे म्हणणे धंद्याच्या दृष्टीने चूक नाही आणि मी वादही घातला नाही. उरलेल्या सात क्वार्टर मात्र मी बिअरच्या रिकाम्या पेटीमागे सरकवून ठेवल्या आहेत. काका आठवड्याला एकच नेतात. म्हणजे सात मंगळवार. आठव्या मंगळवारी वही उघडून ते जाळीशी उभे राहतील, तेव्हा त्यांना काय द्यायचे हे मला अजून सुचलेले नाही.