टी लाटेचा चढ की उतार?

ठोका पोचल्यापासून स्नायू सावरेपर्यंत, म्हणजे पुढच्या ठोक्याला तयार होईपर्यंत, लागणारा वेळ: आजूबाजूला सगळीकडे २४५-२५० मिलिसेकंद, आणि मधेच एका जांभळ्या डागात २९२. हृदयाच्या उजव्या जवनिकेच्या (खालच्या कप्प्याच्या) नकाशावर तो डाग उमटला तसा आमचा ज्युनियर डॉक्टर खुर्चीतून उठलाच. "मॅडम, सापडली जागा!" शेजारशेजारच्या स्नायूंना सावरायला एवढा वेगवेगळा वेळ लागत असेल तर तिथे घातक लय सुरू होऊ शकते, त्यामुळे त्याचं उठणं अगदीच चूक नव्हतं.

मी ईपी लॅबमध्ये, म्हणजे हृदयातले विद्युत सिग्नल तपासतात तिथे, इंजिनियर आहे, सिग्नल बघणं हे माझं काम. मी नकाशा बाजूला सारून त्या जागेचा युनिपोलर इलेक्ट्रोग्राम (हृदयात सरकवलेल्या कॅथेटरच्या एकाच इलेक्ट्रोडने टिपलेला विद्युत आलेख) उघडला. (शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमधला फरक दाखवणाऱ्या बायपोलरमध्ये टी लाट, म्हणजे स्नायू सावरतानाची लाट, जवळजवळ पुसलीच जाते, युनिपोलरलाही खालचा फिल्टर ३० हर्ट्‌झला ठेवला तर तीच गत. आमचा ०.०५ वर होता.) ठोका पोचल्याची खूण स्पष्ट होती, सुरुवातीची सर्वात तीव्र उतरण. प्रश्न होता शेवटच्या, म्हणजे स्नायू सावरल्याच्या, खुणेचा. टी लाट छान उभी होती आणि सॉफ्टवेअरने कर्सर तिच्या उतारावर ठेवला होता. चढावरच्या सर्वात तीव्र जागी मी कॅलिपर लावलं तर आकडा आला २३६.

सावरल्याची खूण टी लाटेच्या चढावर धरायची की उतारावर, हा वाद जुना आहे. वायट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली सांगितलं की लाट उभी असो वा उलटी, चढच धरायचा. उभ्या लाटेला उतार धरणारा पक्षही होता. २००६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कोरोनेल यांच्या गटाने प्रयोग करून वायट यांचीच बाजू उचलून धरली.

मॅडम म्हणाल्या, "पुस्तकातलं राहू दे. कॅथेटर तिथेच आहे ना? मग स्नायूलाच विचारू."

टेबलावरचे काका जागे होते. "काका, आता जरा धडधड होईल हं." "करा, तुम्हीच केलेली बरी," काका म्हणाले. कॅथेटरमधून ६०० मिलिसेकंदांच्या अंतराने आठ ठोके दिले, मग एक जादा ठोका, दर फेरीला दहाने अलीकडे. करंट थ्रेशोल्डच्या (ठोका उमटवायला लागणाऱ्या किमान करंटच्या) दुप्पट. स्नायू खरंच २९२ पर्यंत सावरत नसता तर जादा ठोका त्याच्या आसपासच वाया जायला लागला असता. २८० ला स्नायूने तो पकडला. २६०, २५०, २४० लाही पकडला. २३० ला मात्र नुसता स्टिम्युलेटरचा (ठोके देणाऱ्या यंत्राचा) काटा उठला, मागे काहीच नाही. म्हणजे चढावरचा २३६ हाच आकडा खरा.

गंमत म्हणजे लाटेचा आकारच हे ओरडून सांगत होता. युनिपोलरमध्ये उभी टी म्हणजे ती जागा बाकी हृदयाच्या आधी सावरलेली. नकाशाने नेमकी तिलाच सर्वात उशिराची ठरवून जांभळं केलं होतं.

ज्युनियर थोडा हिरमुसला. काकांचे स्वतःचे जादा ठोके निघत होते ते दुसरीकडून. तिथलं काम दुपारपर्यंत उरकलं.

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'उभी टी असल्यास उतार' यावर आधीपासूनच टिक होती. काढून टाकली. अपडेट आलं की ती परत लागते, म्हणून आता केस सुरू करण्याआधी ते पान उघडून बघतोच.