ज्या खोक्यावर कुणाचंच नाव नव्हतं

गेल्या वर्षीची गोष्ट. एक बाई दवाखान्यात आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. पर्समधून त्यांनी काळी प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी, आणि ती उलगडायच्या आधी दरवाजा नीट लागलाय ना ते दोनदा वळून पाहिलं. आत एक जांभळा मसाजर होता, खोक्यासकट. "मॅडम, यानेच झालंय का, तेवढं सांगा," एवढंच म्हणाल्या आणि खाली बघत बसल्या.

मी पेल्व्हिक फिजिओथेरपिस्ट आहे. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात त्यांच्यावर माझं काम चालतं. बाळंतपणानंतर लघवी रोखता न येणं, शरीरसंबंधाच्या वेळी असह्य दुखणं, योनीचे स्नायू आपोआप इतके घट्ट आवळणं की डॉक्टरांना तपासणीही करता येऊ नये, असे सगळे त्रास घेऊन बायका येतात. त्यातल्या बऱ्याचजणी हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत असतात.

या बाईंना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. रेडिएशन पूर्ण होऊन काही महिने झाले होते. रेडिएशननंतर योनीमार्ग आखडतो, अरुंद होतो, आणि पुढे तपासणीसुद्धा अवघड होऊन बसते. त्यासाठी डायलेटर वापरायला सांगतात. लहान ते मोठा असा गुळगुळीत नळ्यांचा संच असतो, हळूहळू ताण देण्यासाठी. यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा घाईत सांगितलं असेल आणि त्यांच्यापर्यंत पोचलं नसेल. मग त्यांनी रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर शोधलं आणि समोर जे आलं ते मागवलं. तीन आठवड्यांत आग व्हायला लागली, मग पुरळ, मग बारीक जखमा.

मी आधी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण रेडिएशन झालेल्या जागेवर जखम दिसली की आधी बाकीच्या शंका दूर कराव्या लागतात. ते खोकं मात्र मी ठेवून घेतलं आणि संध्याकाळी शांतपणे पाहिलं.

वर एका हसऱ्या बाईचा फोटो, मसाजर गालाला लावलेला. 'फेस अँड बॉडी मसाजर' असं छापलेलं. उत्पादकाचं नाव नाही, आयात करणाऱ्याचा पत्ता नाही, कमाल किंमत नाही, तारीख नाही, कशापासून बनवलंय त्याचा एक शब्द नाही. हातात घेतला तर बोटांना तेलकट लागलं. वास नव्या रेनकोटसारखा. तो वास मला ओळखीचा आहे. पीव्हीसी मुळात कडक प्लास्टिक. ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर घालतात, आणि स्वस्त मालात बहुतेकदा थॅलेट्स असतात. युरोपात मुलांच्या खेळण्यांमध्ये यातल्या काही थॅलेट्सवर वजनाच्या 0.1 टक्क्याची मर्यादा आहे, का तर मूल खेळणं तोंडात घालतं म्हणून. शिवाय असलं मऊ प्लास्टिक सच्छिद्र असतं, साबणाने कितीही धुतलं तरी जंतू आत राहू शकतात. चांगल्या प्रतीचं सिलिकॉन तसं नसतं, वास येत नाही, उकळूनही घेता येतं.

याच वस्तूने झालं का? खात्रीने सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि माझा राग नेमका तिथेच आहे. वस्तू कशाची आहे हेच लिहिलेलं नसेल तर मी काय सांगणार, आणि त्या बाई कुणाला जाब विचारणार? साध्या साबणाच्या वडीवर उत्पादकाचं नाव, पत्ता, किंमत आणि तक्रारीचा नंबर छापावा लागतो, आवेष्टित वस्तूंचे 2011 चे नियम तसं सांगतात. शरीराच्या सगळ्यात नाजूक जागी वापरायच्या वस्तूवर मात्र कोरा पुठ्ठा.

हा पुठ्ठा कोरा का, हे समजून घ्यायला मी कायदा वाचला. आपल्या कायद्यात 'सेक्स टॉय' हा शब्दच नाही. भारतीय दंड संहितेचं कलम 292 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 294 आलं. पुस्तक, चित्र, आकृती 'किंवा इतर कोणतीही वस्तू' अश्लील असेल तर ती विकणं, वाटणं, आयात करणं, विकण्यासाठी जवळ ठेवणं हा गुन्हा. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. स्वतःसाठी घरात ठेवणं गुन्हा नाही. म्हणजे माझ्या पेशंटने काहीच चुकीचं केलं नव्हतं, पण तिला विकणारा कधीही अडकू शकतो. त्याच्या जोडीला सीमाशुल्काची 18 जानेवारी 1964 ची अधिसूचना आहे, तिच्यात अश्लील वस्तूंच्या आयातीला बंदी आहे. साठ वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर आजही पार्सलं अडवली जातात.

विकणाऱ्याने यातून सोपी वाट काढली: वस्तूचं नाव बदलायचं. गालाचा मसाजर, मानेचा मसाजर, 'गिफ्ट आयटम'. मोबाइलवर आज कुणीही शोधलं तरी पन्नास दुकानं सापडतात. 'पाकिटावर काही लिहिलेलं नसेल' हीच त्यांची मोठी जाहिरात असते. पैसे रोख किंवा आधीच ट्रान्सफर, बिल नाही, परत घेणं नाही. माझ्या एका तरुण पेशंटने पैसे भरले आणि वस्तू आलीच नाही. तिने विचारणा केल्यावर समोरच्याने चॅटचे स्क्रीनशॉट आणि घरचा पत्ता पाठवून धमकावलं, आणखी पैसे दे नाहीतर घरी कळवतो. तिने दिले. पोलिसांत जा म्हटलं तर म्हणाली, "तक्रारीत काय लिहू, काय मागवलं होतं?" मी तिच्याबरोबर जायला तयार होते. ती नाही गेली. तिच्यावर मी रागावले नाही, पण त्या माणसाला तिची लाजच उपयोगी पडली, आणि ती लाज त्याच्या हातात कायद्याने दिली, असं माझं ठाम मत आहे.

मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा मला फार आनंद झाला होता. सीमाशुल्क आयुक्तांनी बॉडी मसाजरचा माल जप्त केला होता, कारण काय तर यांचा सेक्स टॉय म्हणून वापर होऊ शकतो. न्यायालयाने सांगितलं की ही आयुक्तांची निव्वळ कल्पना आहे, असे मसाजर देशात विकले जातातच, आणि विभागाचं अपील फेटाळलं. निकाल पुन्हा वाचल्यावर मात्र लक्षात आलं की माल सुटला तो मसाजर म्हणून. खऱ्या वापराची वस्तू खऱ्या नावाने आणणाऱ्याला त्याने काहीच मिळालं नाही. उलट खोट्या नावानेच आणणं शहाणपणाचं, असा धडा व्यापाऱ्याने घेतला तर त्याला दोष कसा द्यायचा?

आपणच असे आहोत असं नाही. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये सहा किंवा जास्त वस्तू जवळ सापडल्या की त्या विकायलाच ठेवल्यात असं कायदा धरून चालायचा. 2008 मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने तो कायदा रद्द केला. अलाबामात 1998 च्या कायद्याने विक्रीवर बंदी आली, पण वैद्यकीय कारण असेल तर सूट. म्हणजे बाईने दुकानात आधी आपलं दुखणं सिद्ध करायचं. थायलंडमध्ये बंदी आहे आणि बँकॉकच्या रस्त्यांवर माल उघड मांडलेला असतो.

वैद्यकीय सवलतीबद्दल माझ्या ओळखीचे डॉक्टर म्हणतात, "आपल्या पेशंटपुरती परवानगी मिळाली तर पुरे की." मला ते पटत नाही. दुखणं नसलेल्या बाईलाही, पुरुषालाही, आपण शरीराला काय लावतोय हे कळायला हवं. त्याला चिठ्ठी कशाला? 2021 मध्ये आयएसओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, या वस्तूंसाठी स्वतंत्र मानक काढलं, 3533 क्रमांकाचं. कोणता पदार्थ चालेल, शरीरात अडकू नये म्हणून तळ कसा असावा, सूचना काय द्याव्यात, हे त्यात येतं. अशा वस्तू अडकलेले रुग्ण सर्जनकडे येतात, आणि तेही फार उशिरा, सांगायची लाज वाटते म्हणून. मानक तयार आहे. पण नाव लपवून विकली जाणारी वस्तू त्यावर तपासणार कोण?

त्या बाईंच्या जखमा पाच-सहा आठवड्यांत भरल्या. तपासणीत वाईट काही निघालं नाही. मग आम्ही डायलेटर सुरू केला, सगळ्यात लहान, भरपूर जेल, आधी फक्त श्वासाचा व्यायाम. पहिल्या दिवशी संच हातात दिला तेव्हा त्यांनी वापराचं काही विचारलं नाही. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि खोक्याची मागची बाजू वाचायला घेतली. कंपनीचं नाव, पत्ता, सिलिकॉन हा शब्द, बॅच नंबर. बोट फिरवत सगळं वाचलं.

मग म्हणाल्या, "मॅडम, याचं बिल मिळेल का?"

मी बिल दिलं. त्यांनी त्याची चौकोनी घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, आणि माझ्याकडे राहिलेल्या काळ्या पिशवीतून ते जांभळ्या मसाजरचं खोकं काढून माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. पिशवी तेवढी परत नेली.