पुढचं डावं, मागचं उजवं

गाडी रुतलेली नव्हती, कलंडलेलीही नव्हती. ओढ्यातून वर चढणाऱ्या वाटेला पावसाने तिरकी वघळ पाडली होती आणि तिच्यावर गाडी तिरपी अडकली होती. पुढचं डावं चाक जमिनीपासून वीतभर वर, मागचं उजवं त्याहून थोडं जास्त. उरलेली दोन चाकं घट्ट टेकलेली. रेस दिली की हवेतली दोन चाकं गरगर फिरायची आणि टेकलेली दोन ढिम्म हलायची नाहीत.

जागा पानशेत धरणाच्या वरच्या अंगाची, एका शेतघराकडे जाणारी खासगी वाट. जुलै महिना, आजूबाजूला भाताची लावणी चाललेली, वाटेवर खाली काळा कातळ आणि वर बोटभर लाल चिकणमाती. आमच्या वर्कशॉपला निरोप आला होता तो एवढाच, की विंच घेऊन या. विंच, म्हणजे दोर गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र, आमच्या जिप्सीला लावलेलंच असतं. पण आमच्या जिप्सीचं वजन टनभर, समोरची गाडी सगळ्या सामानासकट दोन टनांच्या घरात. अशा वेळी विंच सुरू केलं तर अडकलेली गाडी वर येण्याऐवजी जिप्सीच खाली घसरत जाते. तिला मागून झाडाला बांधून घ्यावं लागतं, आणि तिथे जाड बुंध्याचं झाड नव्हतं. म्हणून आधी गाडीखाली वाकून नीट बघितलं.

गाडी डिझेल, सहा गिअरची, लो रेंज (हळू पण जास्त जोराने ओढणारी गिअरची जास्तीची पायरी) असलेली. मूळ गाडीत खोट नव्हती, नंतर केलेल्या बदलांत होती. मूळ टायर सुमारे ३१ इंच उंचीचे होते, त्या जागी ३३ इंची. स्प्रिंग बदलून गाडी ३ इंच उचललेली. पुढे जाड लोखंडी बंपर, छतावर कॅरियर, त्यावर दिव्यांची रांग. आणि एवढा खर्च करून पुढचं-मागचं दोन्ही डिफरेन्शियल ओपन.

"अहो, फोर बाय फोर आहे ना ही? मग चारही चाकं फिरायला नकोत का?" मालकांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे, आणि बहुतेक लोक गाडी घेताना तो विचारत नाहीत.

ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी, फोर बाय फोरमध्ये टाकली की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना जोडले जातात. म्हणजे ताकद दोन्ही अ‍ॅक्सलना जाते. पण अ‍ॅक्सलच्या आत डाव्या-उजव्या चाकांत वाटणी करतं ते डिफरेन्शियल. ओपन डिफरेन्शियल दोन्ही बाजूंना नेहमी सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. हवेतल्या चाकाला फिरायला जवळजवळ शून्य टॉर्क लागतो, म्हणून टेकलेल्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य मिळतो. एक चाक पुढे आणि एक मागे, कर्णात उचललं गेलं की फोर बाय फोर असूनही गाडी जागची हलत नाही. इंजिन किती हॉर्सपॉवरचं आहे याने इथे काडीचा फरक पडत नाही.

यावर आजच्या गाड्यांत ब्रेकवर चालणारी ट्रॅक्शन सिस्टीम असते. रिकामं फिरणारं चाक ओळखून ती फक्त त्याच चाकाचा ब्रेक दाबते, त्यामुळे जोडीच्या दुसऱ्या बाजूच्या चाकाला टॉर्क जातो. या गाडीतही ती होती. पण तिला काम करायला चाक थोडा वेळ फिरावं लागतं आणि रेस एकसारखी, साधारण १५०० ते २००० आरपीएमच्या आसपास धरून ठेवावी लागते. चाक गरगरलं की माणूस घाबरून पाय काढतो, मग पुन्हा जोरात दाबतो. असं बराच वेळ झालं की ब्रेक तापतात आणि सिस्टीम स्वतःच्या बचावासाठी बंद होते. डॅशबोर्डवर तिचा दिवा पेटलेलाच होता. पुढच्या चाकाजवळ गेलं की तापलेल्या ब्रेक पॅडचा वास येत होता.

पण मुळात चाकं एवढी उचललीच का गेली? त्याचं उत्तर मागच्या उजव्या शॉकअब्सॉर्बरमध्ये दिसलं. त्याचा रॉड शेवटपर्यंत बाहेर आलेला, आणि एरवी आत राहणारा भाग स्वच्छ, चकचकीत. म्हणजे तो पूर्ण ताणला गेला होता आणि चाकाला आणखी खाली जायला वावच नव्हता. स्प्रिंग ३ इंच उंच टाकली, शॉकअब्सॉर्बर मात्र मूळ लांबीचेच ठेवले. अशी गाडी सपाट रस्त्यावर उभी असतानाच शॉकअब्सॉर्बर बराचसा ताणलेला असतो, चाकाची खाली जाण्याची जागा तिथेच संपलेली असते. पुढे इंडिपेन्डन्ट (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) सस्पेन्शन असलं तर तेच होतं: चाकाचा एकूण खाली-वर प्रवास विशबोन (चाक धरणारे हात) आणि जॉइंट ठरवतात, लिफ्टने तो वाढत नाही, उलट खालचा हिस्सा कमी होऊन वरचा वाढतो. वर ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढून त्याचं रबरी बूट लवकर फाटतं ते वेगळंच. शिवाय या स्प्रिंग कॅरियर आणि सामानाचं वजन धरून कडक घेतलेल्या. त्यामुळे जे चाक दबायला हवं होतं ते दबलं नाही आणि जे लोंबायला हवं होतं ते लोंबलं नाही. उंच दिसणारी गाडी आपल्या मूळ रूपापेक्षा लवकर तीन पायांवर, मग दोन पायांवर आली.

टायरमधली हवा बघितली तर ३६ पीएसआय. हायवेवरची हवा तशीच घेऊन गाडी चिखलात उतरवली होती.

काम तिथून सुरू केलं. चाकांना दगडाची उटी लावली, हँडब्रेक ओढला आणि टेकलेल्या दोन चाकांची हवा १८ पीएसआयवर आणली, मग उचललेल्या दोघांचीही. हवा कमी केली की टायर रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो, आणि ओल्या दगडावर रबर खड्ड्या-उंचवट्यांना धरून बसतं. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नये. वळताना टायर रिमवरून सुटण्याची भीती असते. धारदार दगड जास्त असतील तर २० ते २२ बरं, नाहीतर बाजूची भिंत चिरते.

दुसरं काम अँटी-रोल बारचं. हा दांडा डाव्या-उजव्या चाकांना बांधून ठेवतो. रस्त्यावर वळणात गाडी झुकू नये म्हणून तो हवाच, पण वघळीत तोच चाकाला खाली जाऊ देत नाही. पुढच्या बारच्या दोन्ही लिंकचे खालचे नट काढले आणि बार वर बांधून टाकला. उचललेलं चाक डोळ्यांदेखत तीन-चार बोटं खाली आलं. हे करताना चाकाच्या कमानीत हात घालून बसायचं नाही. पान्याला लांब दांडा लावून बाहेरूनच काम करायचं, कारण ताण सुटला की बार झटका देतो.

राहिलं मागचं उजवं चाक. लावणीतले एक काका बांधावरून बघत होते. "दगड पाहिजेत का? आमची ताल ढासळलीय तिकडं, घ्या त्यातले," म्हणाले. चपटे दगड घेऊन चाकाखाली पायरीसारखे रचले, मोठा खाली, लहान वर, फटी चिपांनी भरलेल्या. गोल दगड घालू नयेत, चाकाचा भार आला की ते निसटून मागे उडतात. म्हणून गाडीच्या मागे कोणालाही उभं राहू दिलं नाही.

आता लो रेंज. चालकाने लो टाकायचा प्रयत्न केला होता, पण लिव्हर गेली नव्हती, म्हणून तो हायमध्येच झगडत राहिला. लोसाठी गाडी पूर्ण थांबलेली आणि गिअर न्यूट्रलमध्ये हवा. दात समोरासमोर आले असतील तर गिअर एकदा टाकून काढायचा, क्लच सोडून पुन्हा दाबायचा. लिव्हर बसते. लोने काय साधतं ते आकड्यांत बघा. पहिला गिअर ४, ट्रान्सफर केसचा लो २.५ आणि क्राऊन-पिनियन (डिफरेन्शियलमधली शेवटची गिअरजोडी) ४.३ धरलं तर एकूण प्रमाण ४३ येतं. ३१ इंची टायरवर ८०० आरपीएमला गाडी तासाला पावणेतीन किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणजे माणसाच्या चालण्याहून हळू. लो नसेल तर तीच गाडी सातच्या जवळ जाते, आणि दगडांत सात म्हणजे आपटत जाणं. टायर ३३ इंची केले की हे प्रमाण सहा-साडेसहा टक्क्यांनी मार खातं. फार नाही, पण ३५ इंचांवर गेलात तर क्राऊन-पिनियन बदलल्याशिवाय गाडी रांगत नाही, क्लच जाळत चढते.

तोवर ब्रेक निवले होते, ट्रॅक्शनचा दिवा विझला होता. लो, पहिला गिअर, रेस एकसारखी. उचललेलं पुढचं चाक क्षणभर फिरलं, सिस्टीमने त्याचा ब्रेक धरल्याचा खडखड आवाज आला आणि गाडी दगडांच्या पायरीवरून सरकत वर आली. विंचचा दोर ड्रमवरच राहिला. मागून आमची जिप्सी त्याच वाटेने, वघळीला थोडी वेगळी तिरप धरून चढली. ८० हॉर्सपॉवर, दोन्ही अ‍ॅक्सल एकसंध, चारही बाजूंना पाटे आणि मागे आम्ही बसवलेला लॉकर, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र जखडणारं डिफरेन्शियलचं कुलूप. तिचं एक चाक उचललं गेलं तरी दुसऱ्याला ताकद मिळत राहिली. वजन कमी असल्याने चिखलात ती सहसा रुततही नाही. १९८५ पासून भारतात विकली गेलेली ही गाडी बंद होऊनही लोक जपून ठेवतात ते उगाच नाही.

गाडी वर्कशॉपला आणायला सांगितलं, कारण वाटेत तिने दोन ओढे ओलांडले होते. आधी बोनेट उघडून एअर फिल्टर बघितला होता. तो कोरडा होता, नाहीतर इंजिन सुरूच करू दिलं नसतं. सिलिंडरमध्ये पाणी गेलं आणि स्टार्टर मारला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पण मागच्या अ‍ॅक्सलची खात्री नव्हती. पुण्याकडून डांबरी रस्त्याने येताना त्याचं हाऊसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तापलेलं असतं. ते थंड ओढ्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्याचं छिद्र) किंवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

रॅम्पवर घेऊन आधी भरण्याचा प्लग सोडला, मग खालचा. हा क्रम पाळावा: वरचा प्लग गंजून अडकलेला असेल आणि खालचा आधी उघडला, तर ऑइल रिकामं करून बसाल आणि भरता येणार नाही. खालचा प्लग सैल केल्याबरोबर पहिल्यांदा पाण्याची बारीक धार आली, कारण पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाला बसतं. तिच्यामागून आलं ते दुधाळ चहाच्या रंगाचं गिअर ऑइल. ब्रीदरची टोपी चिखलाने बुजलेली. अशी टोपी बुजली की दोन्हीकडून नुकसान: तापल्यावर आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो, निवल्यावर त्याच सीलमधून पाणी आत येतं. प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा होता, पण तुकडे नव्हते. तुकडे निघाले असते तर हाऊसिंग उघडावंच लागलं असतं. त्याच ग्रेडचं ऑइल भरून, चाकं उचलून काही मिनिटं फिरवली, ते काढून टाकलं आणि ताजं ७५डब्ल्यू-९०, जीएल-५ प्लगच्या खालच्या कडेपर्यंत भरलं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती मागच्या दिव्याच्या उंचीपर्यंत नेली. खर्च किरकोळ, आणि स्नॉर्केलच्या, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणाऱ्या नळीच्या, आधी हे काम व्हायला हवं.

मालकांना पुढच्या कामाची यादी लिहून दिली, तेव्हा त्यांनी दुसरी गाडी घेतली तर बरं पडेल का असंही विचारलं. त्यावर माझं मत ठाम आहे. आधी लो रेंज आणि शिडीसारखी चॅसिस, मग चाकाचा प्रवास, मग लॉकर, मग टायर. फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्ही लॉकर कंपनीकडूनच मिळतात, कर्णातल्या वघळीत त्याला तोड नाही. थारच्या २०२० नंतरच्या काही वरच्या मॉडेलना मागे यांत्रिक लॉकर आहे. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की तो आपोआप धरतो, म्हणजे चाक फिरू लागल्यावर पाय काढायचा नाही. जिम्नीला लॉकर नाही, ब्रेकची सिस्टीम आहे, पण दोन्ही अ‍ॅक्सल एकसंध आणि गाडी हलकी, त्यामुळे ती अवघड जागेतूनही निघते. पाच दारांच्या जिम्नीला व्हीलबेस लांब झाल्यामुळे पोटाचा कोन २४ अंशांवर आला, थारचा २७ च्या आसपास आहे. बांध ओलांडताना हा तीन अंशांचा फरक पोट टेकण्या-न टेकण्याचा असतो. अ‍ॅक्सल एकसंध असेल तर तळाचा सर्वांत खालचा भाग डिफरेन्शियलचा गोळा असतो, आणि त्याची उंची फक्त टायरने वाढते, लिफ्टने नाही.

त्यांनी गाडी ठेवायचं ठरवलं. यादी अशी झाली: मागे लॉकर, ३ इंचांऐवजी दीड इंची मऊ स्प्रिंग आणि तिच्याशी जुळणाऱ्या लांबीचे शॉकअब्सॉर्बर, छतावरचं कॅरियर खाली, पुढे चॅसिसला बोल्ट केलेले दोन मान्यताप्राप्त ओढण्याचे हूक. आधीचे हूक बंपरच्या पत्र्यालाच वेल्ड केले होते, झटक्याच्या दोराने ओढलं तर ते गोळीसारखे सुटतात. टायर ३३ चेच राहू दिले, कारण त्यांच्या नक्षीच्या रुंद फटींतून लाल चिकण फेकली जात होती. मागच्या अ‍ॅक्सलचं ऑइल ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बदलायचं, आणि तोवर चाळीस ते साठच्या वेगात मागून घूं असा आवाज येतो का ते ऐकत राहायचं. आवाज आला तर पिनियनच्या बेअरिंगला गंजाचे खड्डे पडलेत असं समजून थेट गाडी आणायची, कारण ते बेअरिंग बसलं की क्राऊन-पिनियनही जातं.