चार-चार ते पाच-पाच: 13 वर्षांखालच्या पोरांच्या ताणाच्या नोंदी

फुटबॉलच्या सरावातला छोटा खेळ (कमी पोरं, लहान जागा) आणि मॅच, दोन्हींचा ताण एकाच पद्धतीनं मोजायचं ठरवलं होतं. त्यातून आता सांगण्यासारखं काहीतरी हाती आलंय.

आमची पोरं कोल्हापूरच्या पेठांतली. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांच्या फुटबॉल मॅच बघत वाढलेली, त्यामुळं पहिल्या शिट्टीपासून जीव तोडून खेळणार. सरावाला मात्र बहुतेक वेळा चार विरुद्ध चार, 30 बाय 20 मीटरमध्ये. म्हणजे एकाच्या वाट्याला 75 चौरस मीटर. 105 बाय 68 च्या मैदानावर 22 जणांत हीच वाटणी 325 च्या आसपास जाते. माझ्या मते सगळी मेख इथंच आहे.

छोट्या चौकोनात हृदयाचे ठोके मॅचइतके, कधी त्याहूनही वर जातात. थांबणं, वळणं, पुन्हा सुटणं अखंड चालू असतं. पण पूर्ण वेग पकडायला जागाच नसते. आमचा उजव्या बगलेचा पोरगा चार-चारमध्ये पाच-सहा पावलांतच कोनापाशी टाच रोवून वळतो. मॅचमध्ये बॉल गेला की त्यालाच अर्धं मैदान मागं पळत यावं लागतं. दुसऱ्या हाफमध्ये तो असा एकदा परतला की कमरेवर हात ठेवून उभाच राहायचा. दमात तो कुणाला ऐकत नाही, पायांना त्या लांब पळण्याची सवय नव्हती.

म्हणून आठवड्यातला एक सराव पाच विरुद्ध पाच केला, 65 बाय 50 मध्ये. माणशी बरोबर 325. फेऱ्या लहान, मधली विश्रांती भरपूर. आता तो पोरगा शेवटच्या दहा मिनिटांतही परत येतो आणि बॅकला साथ देतो. मला याचा फार आनंद आहे. चार-चार बंद केलेलं नाही. बॉलला सर्वाधिक पाय तिथंच लागतात.

मोजमापाबद्दल थोडं. सेकंदाला एकदाच जागा टिपणारं साधं जीपीएस घड्याळ छोट्या खेळातल्या झटक्यांना पुरत नाही. तिथं ठोके मोजणारा छातीचा पट्टा बरा. 220 वजा वय हे सूत्र पोरांना लावू नका, या वयात कमाल ठोके साधारण 200 च्या आसपासच असतात. आणि सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे प्रश्न: खेळ संपल्यावर अर्ध्या तासानं ‘दहापैकी किती जड गेलं?’ उत्तर गुणिले मिनिटं, हाच ताणाचा आकडा. 60 मिनिटांना 6 म्हणाला तर 360. मैदानावरची पोरं हा आकडा खोटा सांगत नाहीत, फक्त मित्रांसमोर विचारू नका.

आता उंचीची नोंदही सुरू केली आहे, दर तीन महिन्यांनी. मुलांची उंची साधारण 14 च्या सुमाराला सर्वांत झपाट्यानं वाढते, आणि त्याच काळात टाच नि गुडघ्याखालचं हाड दुखायला लागतं. ज्यांची उंची झपाट्यानं वाढतेय, त्यांना मोठ्या मैदानातल्या फेऱ्या कमी देणार आहे.