चिखल्या झाल्या तेव्हा मी धावणं कसं सांभाळलं

साताऱ्यात पाऊस लागला की कपडे वाळत नाहीत. दोरीवर दोन दिवस राहिलेले मोजे तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतात, आणि पहाटे साडेपाचच्या घाईत तेच पायात चढवले जातात. माझं दुखणं तिथूनच सुरू झालं.

आमच्याकडे सप्टेंबरात यवतेश्वर घाटातली हाफ मॅरेथॉन असते. २१ किलोमीटर, जाताना चढ, येताना उतार. स्पर्धा सप्टेंबरात म्हणजे सराव सगळा भर पावसात. गेल्या वर्षी माझं तिसरं वर्ष होतं. आठवड्यातले चार दिवस पहाटे धावायचं, कधी 'चार भिंती' या स्मारकाकडे, कधी समर्थ मंदिरापासून घाटात. घरी येऊन आंघोळ, डबा, आणि साडेनऊला बँकेत. तिथे पायात बंद बूट, तेही येताना भिजलेले. म्हणजे दिवसाचे बारा तास माझे पाय ओल्यातच असायचे. तेव्हा हा हिशेब केला नव्हता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात खाज सुरू झाली. संध्याकाळी बूट काढले की फारच. तिथली कातडी पांढरट, मऊ, भिजलेल्या कागदासारखी झाली होती आणि खाजवलं की सुटून यायची. सासूबाईंनी बघताक्षणी सांगितलं, "चिखल्या झाल्यात गं तुला. मेंदीचा पाला वाटून लाव." आईंचं माहेर जावळीत. भातलावणीच्या दिवसांत बायका दिवसभर खाचरात उभ्या असतात, त्यामुळे हे दुखणं त्यांच्याकडे घरोघर. मेंदी लावली, गार वाटलं, आग कमी झाली. पण पहाटे पुन्हा ओले मोजे होतेच.

आठवडाभराने मी औषधाच्या दुकानात गेले आणि काउंटरवरच्या माणसाला "पायाला फंगल झालंय" म्हणून सांगितलं. त्याने चिठ्ठी न मागता एक मलम दिलं. दोन दिवसांत खाज गेली, लाली गेली. पाचव्या दिवशी मी मलम बंद केलं आणि त्या रविवारी १४ किलोमीटर धावले. पुढच्या शुक्रवारपर्यंत आधीच्या दुप्पट खाज होती, चारही बेचक्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि तळव्याच्या कडेला लालसर गोल चट्टा उठला होता. पुन्हा तेच मलम, पुन्हा दोन दिवस आराम. असं तीनदा झालं. जुलै संपता संपता करंगळीच्या मुळाशी भेग पडली. पाऊल टेकताना ती झोंबायची, म्हणून मी नकळत पायाच्या आतल्या कडेवर भार टाकून धावू लागले. दहाव्या दिवशी डावा गुडघा दुखायला लागला, आणि तेव्हा मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

डॉक्टर मॅडमनी आधी ती ट्यूब मागितली. बरं झालं, मी ती पिशवीत टाकून नेली होती. त्यांनी मागची बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचायला लावली. बुरशीचं औषध होतं, जोडीला दोन अँटिबायोटिक, आणि क्लोबेटासॉल.

"हे क्लोबेटासॉल म्हणजे खूप तीव्र स्टिरॉईड आहे, ताई," त्या म्हणाल्या. "खाज आणि लाली ते दाबतं, म्हणून बरं वाटतं. पण त्याच वेळी कातडीची लढायची ताकदही दाबतं. बुरशी आत वाढतच असते."

२०१८ साली केंद्र सरकारने क्लोबेटासॉलसारखी मलमं चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली आहेत, हेही मला त्या दिवशीच कळलं. तरीही ती सहज हातात पडतात. हे लिहायला बसले त्याचं खरं कारण हेच आहे. तुमच्या घरात चिखल्यांवर किंवा गजकर्णावर लावायची ट्यूब असेल तर आत्ता उठा आणि तिच्यावरचं नाव वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं आणि ते डॉक्टरांनी दिलेलं नसेल, तर ती ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा.

मॅडमनी बोथट ब्लेडने चट्ट्याच्या कडेची थोडी कातडी खरवडली, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकात बघितलं. त्या द्रावणात कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे उरतात. त्यांनी मलाही दाखवले. पारदर्शक, फांद्या फुटलेले, बारीक दोरे. ही बुरशी केरॅटिनवर जगते, म्हणजे कातडीचा वरचा थर, नखं आणि केस हेच तिचं अन्न. तिला चिखल लागत नाही. ओल, ऊब आणि बंद जागा मिळाली की पुरतं. करंगळीची बेचकी सगळ्यात चिंचोळी, तिथे हवा पोचत नाही, म्हणून बहुतेकांना सुरुवात तिथेच होते.

माझा पहिला प्रश्न अर्थातच धावण्याचा होता. व्यायाम पूर्ण बंद करायचं कारण नाही, असं त्या म्हणाल्या. मात्र भेग भरेपर्यंत पावसात बूट घालून धावायचं नाही. उघडी भेग म्हणजे जिवाणूंना मोकळा दरवाजा. पायावर लाली चढत गेली, सूज, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी यायचं, वाट बघायची नाही. रक्तातली साखरही तपासून घेतली. ती ठीक निघाली.

औषध साधं होतं. क्लोट्रिमाझोलचं एक टक्क्याचं मलम, दिवसातून दोनदा, चार आठवडे. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावायचं, कारण दिसते त्याच्या पुढेही बुरशी पसरलेली असते. दोन्ही पायांना लावायचं. आणि खाज थांबली तरी थांबायचं नाही. हे शेवटचं मॅडमनी तीनदा बजावलं. तुमचं औषध वेगळं असू शकेल. आजकाल आपल्याकडे काही बुरशी नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, म्हणून शेजारणीला लागू पडलेलं मलम आपण आणू नये.

पहिले दहा दिवस मी घराबाहेर धावले नाही. माडीवर फरशी कोरडी करून स्वतःची चटई टाकायची आणि त्यावर बैठका, प्लँक, पाठीवर झोपून कंबर उचलायचा व्यायाम. श्वासाचा दम टिकावा म्हणून जिन्याच्या खालच्या पायरीवर वीस मिनिटं चढउतार, पायात कोरड्या, पट्ट्यांच्या सँडल. सूर्यनमस्कारात बोटं मागे दुमडली की भेग ताणायची, म्हणून ते सोडले. दोरीच्या उड्या दुसऱ्या दिवशी करून बघितल्या आणि लगेच बंद केल्या. पंजावर आदळताना बेचकीत कळ गेली. स्पर्धेला पाच आठवडे राहिले असताना जिन्यावर चढउतार करताना फार वाईट वाटायचं, हे लपवत नाही. खिडकीतून अजिंक्यतारा ढगात बुडालेला दिसायचा आणि गटातल्या मैत्रिणींचे घाटातले फोटो फोनवर येत राहायचे.

गुरुवारी मी योगवर्गाला जात असे. तिथे सगळ्या जणी अनवाणी, सतरंज्या सामायिक. बाईंना फोन करून मी खरं कारण सांगितलं. सांगताना जीभ अडखळली, कारण पायाच्या बुरशीला आपल्याकडे अस्वच्छतेचा शिक्का आहे. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस, मी सतरंज्या उन्हात घालते आणि सगळ्यांना आपापली चटई आणायला सांगते." पोहण्याच्या तलावाचंही तसंच. पाण्यापेक्षा कपडे बदलायच्या खोलीतल्या ओल्या फरशीवरून बुरशी जास्त पसरते. तिथे स्वतःला झालेलं असताना जाऊच नये, आणि एरवीही चप्पल घालूनच फिरावं.

खरी मेहनत मात्र व्यायामात नव्हती, पाय कोरडे ठेवण्यात होती. आंघोळीनंतर पायांसाठी वेगळा पंचा, आणि तो रोज गरम पाण्यातून काढायचा. अंग पुसलेल्या टॉवेलने पाय आणि पायाच्या टॉवेलने अंग पुसलं की हीच बुरशी जांघेत जाते आणि तिथे गजकर्ण होतं. म्हणून मोजे आधी घालायचे आणि आतले कपडे नंतर. ऐकायला विचित्र वाटतं, पण उघड्या पावलावरून कपडा वर सरकवला की बुरशी बरोबर वर येते. पंच्याने पुसूनही बेचकीत ओल राहते. तिथे मी पातळ सुती कापडाची घडी एकेका बेचकीतून फिरवायची, मग दोन मिनिटं पाय पंख्याखाली, आणि मगच मलम. त्याला वेळ लागतो. मी सकाळची दहा मिनिटं त्यासाठीच ठेवली.

सुती मोजे बरे, असा माझा समज होता. ते घाम शोषतात खरे, पण धरूनही ठेवतात. धावताना पाय त्याच ओलीत राहतो. पातळ, पटकन वाळणारे, खेळाचे सहा जोड आणले. धुऊन झाले की उलटे करून इस्त्री फिरवायची, तेव्हा कुठे ते खरे कोरडे होतात. बुटांचे दोन जोड केले, एक आज, एक उद्या. एका रात्रीत आमच्याकडे बूट आतून वाळत नाही. आतला तळ काढून वेगळा ठेवायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाने ते बदलायचे. दुसरा जोड घेताना पैशांचा विचार आला होता, पण तीन ट्यूब आणि गुडघ्याच्या गोळ्या यांवर मी आधीच खर्च करून बसले होते. बँकेत पिशवीत कोरडे मोजे आणि उघड्या सँडल ठेवल्या. पोचल्यावर आधी पाय पुसून बदलायचं, मग जागेवर बसायचं.

याच दिवसांत एक गोष्ट घडली, जी अजून मनातून जात नाही. घरातल्या सगळ्यांचे पाय बघा, असं मॅडमनी सांगितलं होतं. आईंना बारा वर्षं मधुमेह आहे. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मला काही होत नाही गं." तरी त्यांचा पाय मांडीवर घेऊन टॉर्चने पाहिला. उजव्या पायाच्या दोन बेचक्या पांढऱ्या, एकीत भेग, आणि भेगेच्या कडेला ओलसर पिवळट काहीतरी. त्यांना खाज नव्हती, दुखत नव्हतं. मधुमेहाने पायाची जाणीवच कमी झाली होती. न्हाणीघरासमोरचं पायपुसणं आमचं एकच होतं. त्यांना माझ्यामुळे झालं की मला त्यांच्यामुळे, कुणी सांगू शकणार नाही. त्याच संध्याकाळी दवाखान्यात गेलो. त्यांना पोटात घ्यायचं अँटिबायोटिकही लागलं आणि तीन आठवडे दर चार दिवसांनी पाय दाखवावा लागला. वेळेत गेलो. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर त्यांच्या "काही होत नाही"वर विसंबू नका, बोटं फाकवून स्वतः बघा.

दहाव्या दिवशी माझी भेग मिटली. पुढचे चार दिवस उघडीप बघून तीस मिनिटं चालणं, मग तीन किलोमीटर हळू धावणं, मग पाच. प्रत्येक वेळी घरी आल्यावर पायरीवरच बूट काढायचे, पाय धुऊन कोरडे करायचे, मगच चहा. पाऊस कोसळत असेल त्या दिवशी पुन्हा जिना. गुडघा भेगेबरोबरच सावरला, कारण पाऊल पुन्हा सरळ पडू लागलं. तिसऱ्या आठवड्यात खाजेचा मागमूस नव्हता, पण मलम चौथा आठवडा संपेपर्यंत दोन वेळा चालू ठेवलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज दोन खुणा, एक सकाळची, एक रात्रीची. मग मॅडमनी पुन्हा कातडी खरवडून पाहिली. धागे नव्हते.

स्पर्धेत मी धावले. त्याच्या आदल्या वर्षीपेक्षा अकरा मिनिटं जास्त लागली आणि घाटातला शेवटचा चढ मी चालत काढला. शेवटची रेषा ओलांडल्यावर बाजूच्या कठड्यावर बसून आधी ओले मोजे काढले, बोटं पुसली, कोरड्या सँडल घातल्या. आई छत्री धरून उभ्या होत्या, त्यांच्या पायात मागे पट्टा असलेल्या नव्या सँडल.

एक काम बाकी आहे. माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखाचा कोपरा पिवळट आणि जाड झाला आहे. नखात बुरशी दडली असेल तर तिथून ती पुन्हा कातडीत उतरते, आणि तिथे नुसतं मलम पोचत नाही. मॅडमनी नखाचा तुकडा कल्चरला, म्हणजे त्यातली बुरशी वाढवून बघायच्या तपासणीला, पाठवला आहे. त्याचा निकाल यायला काही आठवडे लागतात. निदान पक्कं झालं तर गोळ्या, त्याआधी यकृताची तपासणी, आणि पूर्ण नवं नख यायला वर्ष ते दीड वर्ष. तोवर नखं कापायचं माझं यंत्र वेगळ्या डबीत आहे, आणि आईंचं त्यांच्या डबीत.